रिव्हर्स आधी, रस्ता नंतर: लर्निंगपासून पक्क्या लायसन्सपर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात गाडी शिकणारे बहुतेक जण एकाच क्रमाने शिकतात. पहिल्या दिवशी गाडी थेट रस्त्यावर, दहाव्या दिवशी चौथा गिअर, आणि टेस्टच्या आदल्या संध्याकाळी कुठल्यातरी मैदानात घाईघाईने रिव्हर्स. मग टेस्टला काठ्यांच्या मध्ये गाडी मागे घ्यायला सांगितली की हात-पाय गळतात. पास झालेलेही गणपत गल्लीत गाडी लावायची वेळ आली की किल्ली दुसऱ्याच्या हातात देतात.

मी पहिल्या टेस्टला असाच नापास झालो. पुढे जाताना गाडी छान चालली. "हिंदे तगोरी" (कन्नडमध्ये, मागे घ्या) असं टेस्ट घेणाऱ्या साहेबांनी म्हटलं आणि तिसऱ्या मीटरला मी मागची काठी पाडली. शिकताना शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक होता. गाडी बंद पडायला आली की तो गुपचूप क्लच दाबायचा आणि मला वाटायचं, मला जमतंय. घरच्या गाडीत तो दुसरा क्लच नव्हता. त्यानंतर घरातल्या पोरांना शिकवताना मी क्रमच बदलला: आधी क्लच, मग रिव्हर्स, मग पार्किंग आणि शेवटी रस्ता. तोच क्रम इथे देतोय.

## १. लर्निंग काढताना

अर्ज सारथी पोर्टलवर करायचा. पहिलाच पर्याय राज्याचा येतो, आणि सीमाभागात पहिली चूक इथेच होते. आधार कोल्हापूरच्या मामाच्या पत्त्याचं, राहायला बेळगावच्या अनगोळात, म्हणून कुणी महाराष्ट्र निवडतो. तुम्ही जिथे राहता ते राज्य निवडा आणि पत्त्याचा पुरावा त्याच राज्यातला जोडा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही आरटीओत अर्ज करता येतो. तरी बेळगाव (केए-२२), चिकोडी (केए-२३), बैलहोंगल (केए-२४) आणि गोकाक (केए-४९) यांपैकी घराजवळचं कार्यालय निवडलेलं बरं, कारण तिथे तुम्हाला परत जायचंच आहे.

दुसरी चूक नावाची. आपली मराठी नावं शाळेच्या दाखल्यावर कन्नडमधून इंग्रजीत उतरलेली असतात. दहावीच्या मार्क्सकार्डावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, आडनाव एका ठिकाणी पुढे तर दुसऱ्या ठिकाणी मागे. अर्ज भरण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर जुळवा. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज.

तिसरी चूक प्रकार निवडण्याची. गिअरची मोटरसायकल आणि हलकी मोटार, दोन्ही चालवायची असतील तर एकाच अर्जात दोन्हींवर खूण करा. फक्त कारवर खूण करून वर्षभराने बाईकसाठी पुन्हा सगळी फेरी मारणारे मी बरेच पाहिलेत.

केंद्राच्या नियमांप्रमाणे लर्निंगची फी एका प्रकाराला १५० रुपये आणि त्याच्या परीक्षेची ५० रुपये. पुढे ड्रायव्हिंग टेस्टला एका प्रकाराचे ३०० आणि लायसन्सचे २०० रुपये. राज्याचं सेवाशुल्क यावर वेगळं. वय ४० च्या पुढे असेल तर डॉक्टरांच्या सहीचा नमुना १-अ (तब्येतीचा दाखला) लागतो.

लर्निंगच्या परीक्षेत किमान ६० टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. प्रश्न वाहतुकीच्या चिन्हांवर आणि नियमांवर असतात. ही परीक्षा दुसऱ्याकडून देऊन घेऊ नका. दोन संध्याकाळी चिन्हांचा तक्ता डोळ्यांखालून घातला तरी ती सुटते, आणि तीच चिन्हं पुढे रस्त्यावर उभी असतात.

इशारा: गिअरच्या गाडीला वय १८ पूर्ण हवं. मुलगा अल्पवयीन असताना त्याच्या हातून अपघात झाला किंवा तो पकडला गेला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी कायद्यात तरतूद आहे. शेतात ट्रॅक्टर चालवतो म्हणून पोराच्या हातात कार देऊ नका.

तपासा: लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट ते मिळाल्यापासून ३० दिवसांनीच देता येते. या दोन तारखांच्या मध्ये सराव आणि किमान दोन प्रयत्न बसायला हवेत. म्हणून टेस्टची तारीख तिसऱ्या महिन्याच्या आतली घ्या. पाचव्या महिन्यावर ढकलू नका.

## २. जागा, गाडी आणि शेजारचा माणूस

सरावासाठी जागा हवी सपाट, रिकामी आणि कडेला गटार नसलेली. नवीन लेआउटमधले न बांधलेले प्लॉट आणि त्यांमधले रस्ते सगळ्यात उत्तम. उद्यमबागेतले रस्ते कारखाने बंद असतील त्या दिवशी चालतात. जिथे सकाळी लोक फिरायला येतात किंवा पोरं क्रिकेट खेळतात ती मैदानं टाळा. पावसाळ्यात लाल मातीचं मैदानही टाळा. चिखलात चाक फिरायला लागलं की क्लचचा अंदाज येत नाही.

बरोबर न्यायचं सामान: सहा काठ्या, रंगाचे सहा रिकामे डबे, वाळू आणि अर्धा किलो रांगोळी. डब्यात वाळू भरून काठी उभी केली की झाला खांब. गाडी धडकली तर काठी आडवी होते, गाडीला ओरखडा येत नाही. रांगोळीने जमिनीवर रेघा मारायच्या. विटा ठेवू नका, बंपर जातो.

एल बोर्ड पुढे आणि मागे, पांढऱ्यावर लाल. नियमात पाटी किमान १८ सेंमी चौरस आणि अक्षर किमान १० सेंमी उंच सांगितलंय. वहीच्या कागदावर स्केचपेनने काढलेला एल पोलिसांनाही दिसत नाही आणि मागच्या ट्रकवाल्यालाही नाही.

शेजारी बसणाऱ्याकडे त्या प्रकारचं चालू लायसन्स हवं आणि गाडी थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा. म्हणजे हॅण्डब्रेकपर्यंत त्याचा हात पोचला पाहिजे. बाईकवर मागे शिकवणाऱ्याशिवाय कुणालाही बसवता येत नाही.

माणूस निवडताना शांत निवडा. माझा मामा गाडी उत्तम चालवायचा, पण दर मिनिटाला "कुठं बघुलास? कुठं बघुलास?" म्हणून ओरडायचा. त्याच्या शेजारी बसून मी स्टेअरिंग घट्ट धरायला शिकलो, गाडी शिकलो नाही. घरचे आणखी चौघे मागच्या सीटवर बसवून सराव करू नका.

## ३. बसणं आणि आरसे

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे, पण रोज करायचा.

क्लच तळापर्यंत दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्या. पाय सरळ ताठ होत असेल तर हाफ क्लच, म्हणजे अर्धवट सोडलेला क्लच, कधीच नीट धरता येणार नाही. मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे आणि पाठ सीटला टेकलेली असली पाहिजे.

आतल्या आरशात मागची पूर्ण काच. बाजूच्या आरशांत आपल्या गाडीची कड बोटभर दिसावी, बाकी सगळा रस्ता. आपलीच गाडी अर्धा आरसा व्यापत असेल तर शेजारून येणारी स्कूटर दिसणार नाही.

चूक: गाडी चालू केल्यावर आरसे लावणं. टेस्टच्या केंद्रीय नियमात गाडी चालू करण्याआधीची काळजी आणि आरसा लावणं या गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. बसल्या बसल्या आधी सीट, मग आरसे, मग बेल्ट, मग न्यूट्रल बघून किल्ली. हा क्रम हातात बसू द्या.

## ४. हाफ क्लच: तीन दिवस फक्त हेच

पहिले तीन दिवस ॲक्सिलेटरला पायच लावायचा नाही. पेट्रोल गाडी असो की डिझेल, सपाट जागेवर नुसत्या क्लचवर ती चालते.

पहिला गिअर टाका. उजवा पाय ब्रेकवर, हॅण्डब्रेक खाली. क्लच एक-एक बोट वर सोडा. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, स्टेअरिंगमध्ये बारीक थरथर येते, बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं वाटतं. तीच जागा. पाय तिथेच धरून ठेवा आणि ब्रेक सोडा. गाडी चालायला लागेल. लगेच क्लच दाबा, ब्रेक लावा, थांबा. पुन्हा.

भाचीला शिकवताना तिने पहिल्या दिवशी विचारलं, "मामा, ब्रेकवरनं पाय काढू काय? पळाली तर?" मी म्हटलं, काढ, माणूस चालतो त्यापेक्षा जोरात ती जाणारच नाही. तिने काढला. गाडी दोन फूट सरकली आणि तिचा खांदा खाली आला. गाडी आपल्या पायाने थांबते हे एकदा अंगाला कळलं की निम्मी भीती जाते.

सराव असा: दहा मीटरवर रांगोळीच्या दोन रेघा मारा. त्यांतलं अंतर पूर्ण एक मिनिट घेऊन कापायचं, गाडी बंद न पाडता. पाच वेळा सलग जमलं की पुढे.

मग चढ. हलक्या चढावर हॅण्डब्रेक लावून थांबा, क्लच त्या थरथरीच्या जागेपर्यंत आणा, थोडा ॲक्सिलेटर द्या, गाडीचं नाक उचललं की हॅण्डब्रेक सोडा. मागच्या चाकामागे एक रिकामं खोकं ठेवा. खोकं चेपलं तर गाडी मागे सरकली. चढावर थांबून मागे न सरकता पुन्हा निघणं टेस्टच्या नियमात आहेच, पण कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या चढावर गाड्या तुंबतात तेव्हा मागचा रिक्षावाला अर्ध्या फुटावर असतो. राजहंसगडाच्या चढावर सुरुवात करू नका. तो रस्ता वळणाचा आणि अरुंद आहे.

चूक: गाडी धावत असताना पाय क्लचवर टेकवून ठेवणं. हाफ क्लच कमी वेगासाठी आहे. रस्त्यावर तशीच सवय राहिली तर क्लचप्लेट जळते आणि गाडीत करपल्याचा वास येतो.

## ५. सरळ रिव्हर्स

रांगोळीने तीन मीटर अंतरावर दोन समांतर रेघा मारा, वीस मीटर लांब. गाडी मध्ये उभी करा आणि पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत रिव्हर्स न्या.

निघण्याआधी मान वळवून मागच्या काचेतून बघा, मग दोन्ही आरसे. गाडीच्या दोन्ही बाजूंना रेघ सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका बाजूची रेघ जवळ यायला लागली तर स्टेअरिंग दुसऱ्या बाजूला थोडंसं, घड्याळाच्या पाच मिनिटांएवढं, आणि लगेच परत सरळ. नवीन माणूस इथे अर्धा फेरा फिरवतो आणि गाडी नागमोडी जाते.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: रिव्हर्समध्ये स्टेअरिंग ज्या बाजूला फिरवाल त्या बाजूला गाडीचं मागचं टोक जातं, आणि नाक उलट्या बाजूला बाहेर फेकलं जातं. पार्किंगमधले बहुतेक ओरखडे या नाकामुळे येतात, कारण सगळे मागेच बघत असतात.

कॅमेरा असलेल्या गाडीत तो पडदा कापडाने झाकून सराव करा. पावसात कॅमेऱ्यावर चिखल बसतो. आणि आरशांत बघायची सवय नसलेल्याला बिनकॅमेऱ्याच्या गाडीत काहीच सुचत नाही.

तपासा: वीस मीटर, दोन्ही बाजूंना रेघेला न शिवता, तीनदा सलग. तोवर पुढचा टप्पा नाही.

## ६. पार्किंग

आपल्या छोट्या गाड्या चार मीटरच्या आत असतात. सुरुवातीला काठ्यांमधली जागा सहा मीटर लांब धरा, जमलं की साडेपाचवर आणा.

### काटकोनात, मागून आत

घराच्या फाटकात किंवा दोन गाड्यांच्या मध्ये मागून शिरायचं ते हे. जागेची रुंदी अडीच मीटर, काठ्या चार कोपऱ्यांवर.

जागा डाव्या हाताला ठेवून तिच्यापासून दीड मीटर अंतराने पुढे जा. जागा ओलांडताना स्टेअरिंग थोडं उजवीकडे घ्या, म्हणजे गाडी तिरकी होते आणि तिचं मागचं टोक आपोआप जागेकडे वळतं. थांबा. स्टेअरिंग डावीकडे घेत हाफ क्लचवर मागे या. डाव्या आरशात जवळच्या कोपऱ्याची काठी बघत राहा. मागचं चाक तिच्याजवळून हातभर अंतराने गेलं पाहिजे. गाडी जागेला समांतर झाली की चाकं सरळ.

काठी फारच जवळ आली तर थांबा, पुढे जा आणि पुन्हा या. पुढे घेऊन गाडी सरळ करण्यात काहीच कमीपणा नाही. अडकलेल्या गाडीत स्टेअरिंग अजून जोरात फिरवत राहिल्याने पत्रा चेपतो.

### रस्त्याच्या कडेला, दोन गाड्यांच्या मध्ये

सगळ्यांना हेच अवघड जातं, म्हणून जरा सावकाश.

पहिलं, पुढच्या गाडीच्या (सरावात पुढच्या काठ्यांच्या) शेजारी समांतर उभे राहा. मध्ये अंतर पाऊण मीटर. डावा इंडिकेटर.

दुसरं, आरसे बघून सरळ मागे या. तुमच्या मागच्या सीटची खिडकी पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरच्या रेषेत आली की थांबा.

तिसरं, उभ्या उभ्या नव्हे, तर गाडी अगदी सावकाश सरकत असताना स्टेअरिंग पूर्ण डावीकडे. या क्षणी नाक उजवीकडे रस्त्यात जातं. उजवीकडे बघा, कुणी स्कूटरवाला येत असेल तर थांबा.

चौथं, मागच्या दोन काठ्यांपैकी रस्त्याकडची काठी उजव्या आरशात दिसली की चाकं सरळ करा आणि तसेच तिरके मागे या.

पाचवं, तुमच्या नाकाचा डावा कोपरा पुढच्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यातून सुटला की स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे. गाडी कडेला समांतर होत आत शिरते. समांतर झाली की थांबा, चाकं सरळ, मग थोडं पुढे घेऊन मधोमध.

चूक कुठे होते? जवळजवळ नेहमी चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये. उजवीकडे स्टेअरिंग लवकर घेतलं तर गाडीचं नाक पुढच्या गाडीवर घासतं. उशिरा घेतलं तर मागचं चाक कडेवर चढतं. दोन्ही मुद्दाम एकेकदा काठ्यांवर करून बघा. काठी कधी पडते हे डोळ्यांनी पाहिलं की तो क्षण लक्षात राहतो.

## ७. रस्ता

आता रस्ता. पहिला आठवडा सकाळी सहा ते साडेसात, कॉलनीतले रस्ते. मग टिळकवाडी, मग खानापूर रोड, आणि अगदी शेवटी चन्नम्मा सर्कल आणि खडेबाजार. पुणे-बेंगळूर हायवे पक्कं लायसन्स येईपर्यंत नको. लर्निंग भारतभर चालतं, त्यामुळे महाराष्ट्रात शिनोळीला किंवा चंदगडला गाडी नेली तर बेकायदा होत नाही. एल बोर्ड आणि शेजारचा माणूस मात्र तिकडेही हवाच.

रेल्वे गेट पडलं की रांगेत थांबा. उजवीकडून पुढे घुसू नका. समोरूनही तसेच घुसलेले असतात आणि गेट उघडल्यावर दोन्ही बाजूंची कोंडी होते, तिथे नवीन माणसाला रिव्हर्स घ्यावा लागतो.

आपल्या भागाची खास गोष्ट म्हणजे ऊस. गाळप हंगामात, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, चिकोडी, निपाणी, संकेश्वरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. मागच्या ट्रॉलीला बऱ्याचदा ब्रेकलाइट नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. वळणावर ती ट्रॉली ट्रॅक्टरच्या मार्गाने जात नाही, आतल्या बाजूला दाबत येते. तिच्या मागे मोकळं अंतर ठेवून चाला. समोरचा रस्ता लांबवर स्वच्छ दिसत नसेल तर ओव्हरटेक नाही. अंधार पडल्यानंतर हंगामात सरावच करू नका.

## ८. टेस्टचा दिवस

बरोबर न्यायचं: मूळ लर्निंग, अपॉइंटमेंटची प्रिंट, मूळ पुरावे, आणि गाडीचं आरसी, चालू विमा, पीयूसी. गाडीचा विमा संपलाय हे बऱ्याच जणांना आरटीओच्या दारात कळतं. आदल्या रात्री तारीख बघा. दोन्ही एल बोर्ड आणि सगळे दिवे तपासा.

सूचना बहुधा कन्नडमध्ये येतात. कन्नड येत नसेल तर एवढे शब्द कानावर घालून घ्या: एडक्के म्हणजे डावीकडे, बलक्के म्हणजे उजवीकडे, मुंदे म्हणजे पुढे, हिंदे म्हणजे मागे, निल्लसरी म्हणजे थांबवा. कळलं नाही तर गाडी थांबवून विचारा. अंदाजाने वळणं ही चूक मोजली जाते, विचारणं नाही.

गाडीत बसल्यावर रोजचाच क्रम: सीट, आरसे, बेल्ट, न्यूट्रल. हॅण्डब्रेक लावलेला असतानाच गाडी रेटायची चूक त्या दिवशी खूप होते. निघण्याआधी इंडिकेटर आणि उजवीकडे मान वळवून नजर. हाताचे इशारेही विचारू शकतात, तेही करून ठेवा.

बाईकसाठी आठचा आकडा असेल तर हेल्मेट घालूनच रांगेत उभे राहा. पहिला गिअर, हाफ क्लच, मागचा ब्रेक हलका दाबलेला. नजर पुढच्या चाकाकडे नको, जिथे जायचंय त्या वळणाकडे ठेवा. पुढचा ब्रेक लावलात की पाय जमिनीला टेकतो.

नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. तीनदा नापास झाल्यावर मात्र ६० दिवस थांबावं लागतं. म्हणून दुसऱ्यांदा जाताना नुसती नवीन तारीख घेऊन जाऊ नका. जिथे चुकलात तो एकच भाग त्या सात दिवसांत रोज काठ्या लावून करा. मीही रोज सकाळी तेवढाच रिव्हर्स केला आणि दुसऱ्या टेस्टला एकही काठी पडली नाही.

पास झाल्यावर कार्ड अर्जातल्या पत्त्यावर येतं. हातात आल्या आल्या नाव, जन्मतारीख, रक्तगट आणि दोन्ही प्रकार छापलेत का ते बघा. चूक असेल तर लगेच दुरुस्तीचा अर्ज करा. आणि गाडीवरचे एल बोर्ड काढून घडी घालून ठेवा, घरातल्या पुढच्या पोराला लागतील.